डोक्याचा मार भरून येतो, झोपेचे काय?

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरमध्ये हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू झाला. पहिल्या आठवड्यात पंपांवर काय काय गमती झाल्या हे इथल्या वाचकांना सांगायला नको. शेजारच्या गाडीवाल्याचे हेल्मेट दोन मिनिटांपुरते मागून घेणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांच्या आढावा बैठकीनंतर हा आदेश निघाला होता. सप्रे आपल्याच मध्य प्रदेशातले. त्यामुळे समाजात या विषयाची चर्चा जरा जास्तच रंगली, आणि बरेच जण रागावलेही. मग १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी विमानतळ रस्त्यावर एक बेफाम ट्रक गर्दीत घुसला आणि काही दिवस तरी चेष्टा थांबली.

हेल्मेट घालावे की नाही यावर आता लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीत हेल्मेट नसताना मृत्यू पावलेले दुचाकीवरचे लोक ५०,०२९ आहेत. हा आकडा वाचूनही ज्याला शंका असेल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आम्हाला लिहायचे आहे ते वाचलेल्यांबद्दल. २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे गेली आणि ४ लाख ६२ हजारांहून अधिक जखमी झाली. जखमींमध्ये डोक्याला मार लागलेले किती, त्यातले कामावर परतले किती, आणि परतल्यावर टिकले किती, याचा हिशेब त्या वार्षिक अहवालात नसतो. मेलेला माणूस मोजला जातो. घरी आलेला माणूस ‘वाचला’ या एका शब्दात संपतो.

मंडळाकडे मदतीसाठी येणाऱ्या कुटुंबांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. जखम भरली, टाके निघाले, सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला, चालणे-बोलणे पूर्ववत झाले. मग घरचे हळूच सांगतात, ‘पण झोपेचे काही खरे नाही.’ कुणी रात्री तीनपर्यंत टक्क जागा असतो. कुणी जेवून उठला की दोन तास आडवा होतो आणि तरीही संध्याकाळी पेंगतो. कुणी रात्रभर झोपूनही सकाळी न झोपल्यासारखा उठतो. हे सांगताना आवाज खाली येतो, कारण घरच्यांना ही तक्रार किरकोळ वाटते. एवढ्या मोठ्या संकटातून माणूस परत आला आणि आपण झोपेबद्दल कुरकुर करतो आहोत, असे त्यांना वाटत असते. डॉक्टरांना विचारायचे राहून जाते. डॉक्टरही बहुधा विचारत नाहीत, कारण पाच मिनिटांच्या तपासणीत फीट आली का, डोके दुखते का, गोळ्या चालू आहेत ना, एवढेच होते.

ही तक्रार मुळीच किरकोळ नाही. मेंदूला मार लागल्यानंतर सुमारे निम्म्या लोकांना झोपेचा कोणता ना कोणता त्रास होतो, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अनेक पाहण्या एकत्र करून २०१२ मध्ये काढला होता. साधारण चौथा हिस्सा किंवा थोडे अधिक लोक असे होते की ज्यांचा त्रास निदान करण्याजोग्या आजाराच्या पातळीचा होता: निद्रानाश, अतिनिद्रा किंवा झोपेत श्वास अडकणे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ४५२ जणांची पाहणी झाली होती. तिथे निम्म्यांना निद्रानाशाची लक्षणे होती, आणि ज्यांचा निद्रानाश खरोखर आजार म्हणावा असा होता त्यांच्यातल्या जवळजवळ साठ टक्के लोकांवर कसलाच उपचार चालू नव्हता. कॅनडासारख्या, सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशात ही गत असेल तर आपल्याकडची कल्पना करता येईल.

असे का होते, हे थोडे समजून घ्यायला हवे, कारण ते समजले की घरातली निम्मी भांडणे मिटतात. झोप म्हणजे मेंदूचा दिवा बंद होणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात झोपवणे आणि जागे ठेवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत आणि त्या दोन्हींना यंत्रणा लागते. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडांजवळ, हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग असतो. शरीराचे घड्याळ तिथेच आहे आणि हायपोक्रेटिन नावाचे जागे ठेवणारे रसायन बनवणाऱ्या पेशीही तिथेच आहेत. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा मेंदू कवटीत पुढे-मागे हादरतो, पिळवटतो. वरून साधे खरचटलेले दिसले तरी आतले बारीक धागे ताणले गेलेले असतात आणि साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसतच नाहीत. झुरिच विद्यापीठातील डॉक्टरांनी २००७ मध्ये असे दाखवले की मेंदूला मध्यम किंवा गंभीर इजा झालेल्या बहुतेक सर्व रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात पहिल्या काही दिवसांत हायपोक्रेटिनचे प्रमाण घसरलेले होते. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा ६५ पैकी ७२ टक्के रुग्णांना झोप-जागेपणाचा काहीतरी त्रास उरलेला होता.

शिवाय संध्याकाळी अंधार पडताच शरीरात तयार होणारे मेलॅटोनिन अशा रुग्णांमध्ये कमी आढळते. दुखणे असते. फीट येऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी गुंगी येते, काहींनी चिडचिड वाढते. अपघाताची भीती मनातून जात नाही. अंथरुणाला खिळल्याने वजन वाढलेले असेल तर घोरणे आणि श्वास अडकणे वाढते. म्हणजे एकाच माणसात चार कारणे एकमेकांत गुंतलेली असू शकतात, आणि ‘झोपेची गोळी द्या’ हे त्यातल्या एकाचेही उत्तर नसते.

झुरिचच्याच गटाचा २०१५ मधला एक अभ्यास आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपघाताला सहा महिने झालेल्या लोकांना त्यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवले आणि यंत्राने मोजले. निरोगी लोक चोवीस तासांत सरासरी ७.१ तास झोपत होते, मार लागलेले ८.१ तास. दिवसाची झोप, म्हणजे बसल्या बसल्या डोळा लागणे, निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये यंत्राने पकडली. पण त्यांना विचारले तेव्हा त्यांनी हे दोन्ही कमी करून सांगितले. त्यात खोटेपणा नव्हता, त्यांना ते जाणवतच नव्हते. स्वतःकडे पाहणारा अवयवच जखमी झाला आहे, मग तो स्वतःबद्दल खरे कसे सांगणार?

याचा साधा अर्थ असा की या आजारात रुग्णाच्या सांगण्यापेक्षा घरच्यांच्या पाहण्याला अधिक वजन आहे. ‘मी ठीक आहे, मला काही झालेले नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून धरता येत नाही. डॉक्टरांकडे जाताना पत्नी, आई, भाऊ, जो कोणी एका छताखाली राहतो त्याने बरोबर जावे आणि स्वतः बोलावे. आपल्याकडे रुग्ण पुरुष असेल तर तोच बोलतो आणि बायको दाराशी उभी राहते. ही सवय इथे महाग पडते.

इथे आपल्या संस्कारांचाही एक मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पहाटे उठणे हा आपल्याकडे सद्गुण आहे. इंदूर रात्री दोनपर्यंत सराफ्यात उभे राहून खाते हे खरे, पण त्याच इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत सहाला अंघोळ उरकलेली लागते. अशा घरात तिशीतला धडधाकट दिसणारा मुलगा साडेनऊपर्यंत झोपून राहिला की चार दिवस सहानुभूती, मग टोमणे. ‘अपघाताचे निमित्त झाले’ हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे की ते कुणी शिकवले असावे असे वाटावे. हात मोडला असता तर प्लास्टर दिसले असते. झोपेला प्लास्टर नसते. ज्याला दिवसाला एक तास अधिक झोप लागते आणि ती न मिळाल्यास ज्याचे लक्ष, स्मरण आणि राग या तिन्हींवरचा ताबा सुटतो, त्याला सकाळी सहाला पांघरूण ओढून उठवणे म्हणजे लंगडणाऱ्याला धावायला लावणे आहे. दुपारी तो चिडतो, संध्याकाळी भांडण होते, रात्री त्या भांडणाने झोप येत नाही. ‘अपघातानंतर स्वभावच बदलला’ असे जिथे म्हटले जाते तिथे प्रत्येक वेळी स्वभावच बदललेला असतो असे नाही. पुष्कळदा तो माणूस महिनोन् महिने नीट झोपलेलाच नसतो.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. या बाबतीत गेल्या वर्षात खरोखर चांगले काम झाले आहे, ते आधी सांगितले पाहिजे. ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला अपघातग्रस्तांच्या विनारोख उपचारांची योजना करायला मुदत घालून दिली आणि ५ मे २०२५ रोजी ती योजना अधिसूचित झाली. रस्त्यावर मोटार वाहनाने अपघात झालेल्या कोणालाही, श्रीमंत असो वा गरीब, नेमलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. मुदत मात्र अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस. योजनेचा हेतू पहिल्या मोलाच्या तासात पैशावाचून जीव जाऊ नये हा आहे, आणि तो रास्त आहे. त्यातून जीव वाचतील यात शंका नाही.

आठव्या दिवशी काय? आयुष्मान कार्ड असलेल्यांना रुग्णालयातून सुटल्यावर पंधरा दिवसांच्या औषध-तपासण्यांचा आधार आहे. त्यानंतर बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, झोपेची रात्रभराची चाचणी, मानसोपचारतज्ज्ञाची बैठक, हा सगळा खर्च खिशातून. झोपेचा त्रास तर साधारण तेव्हाच उघडा पडतो, जेव्हा माणूस घरी येऊन तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कामाला लागायचा प्रयत्न करतो. म्हणजे आधार संपतो तिथे हा आजार सुरू होतो. योजना वाईट नाही, पण ती मृत्यूचा आकडा खाली आणण्यासाठी बेतलेली आहे, आणि वाचलेल्यांची संख्या जितकी वाढेल तितके हे दुसरे ओझे वाढत जाणार. याची तरतूद करायची वेळ आत्ताच आहे. मेंदूला मार लागलेल्या रुग्णाला महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी मोफत पाठतपासणी, आणि तिच्या कागदावर झोपेबद्दलचे चार ठरावीक प्रश्न, एवढे जरी योजनेत घातले तरी खर्च फार नाही. यंत्रे लागत नाहीत. विचारायचे फक्त लक्षात राहिले पाहिजे, आणि छापील कागदावर असले की ते राहते. कचऱ्याच्या सहा पेट्या घराघरांत वेगळ्या करायला लावणाऱ्या शहराला रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर चार ओळी वाढवणे अवघड नसावे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची गोष्ट आणखी कोरडी आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे दिली आहेत. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पण अपघाताने मेंदूला झालेली इजा असा स्वतंत्र प्रकार त्यात नाही. रुग्णाला हालचालीच्या, बोलण्याच्या किंवा मानसिक आजाराच्या रकान्यात बसवावे लागते. हात-पाय नीट चालत असतील आणि अडचण फक्त झोपेची, थकव्याची, लक्ष न लागण्याची असेल तर तो बहुधा कुठेच बसत नाही, आणि लाभांसाठी लागणारी चाळीस टक्क्यांची रेघ दूरच राहते.

नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र वाट आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नसते म्हणून जरा सविस्तर लिहितो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०-११ च्या सुमारास जे सांगितले ते आजही मोटार अपघात न्यायाधिकरणांत रोज वापरले जाते. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालय म्हणाले. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर आपली जवळजवळ सगळी कमाई गमावतो, पण सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी त्याच इजेनंतर टिकू शकते. तेव्हा इजा काय झाली एवढेच पाहायचे नाही, तो माणूस कोणते काम करत होता आणि ते आता करू शकतो का, हे पाहायचे.

झोपेला हेच माप लावून बघा. पीथमपूरच्या कारखान्यात फिरत्या पाळीवर यंत्र चालवणारा माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री जागतो, तर त्याला ते काम सोडावेच लागेल. स्वतःचे दुकान असलेला माणूस दुपारी दोन तास शटर ओढून झोपू शकतो. आंतरराज्य बस चालवणाऱ्याची तर गोष्टच नको. इजा तीच, नुकसान तिघांचे वेगळे. पण न्यायाधिकरणासमोर हे सांगायला कागद लागतो. झोपेची तक्रार एकाही केसपेपरवर नोंदलेली नसेल तर दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी ती अचानक उगवल्यासारखी वाटते, आणि विमा कंपनीचा वकील नेमके तेच म्हणतो. म्हणून पहिल्याच पाठतपासणीत डॉक्टरांना सांगून ती लिहून घ्यावी. मालकाने पाळी बदलून दिली, काम हलके केले किंवा काढून टाकले, तर त्याचे पत्र जपावे. १ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी त्यावर विसंबून थांबू नये, वकिलांना लवकर भेटावे. ‘पूर्ण बरा झाला की मग बघू’ असे म्हणणाऱ्या घरांचे यात नुकसान होते.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम या गोळ्या कायद्याने ‘एच-१’ यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विकल्यावर औषध विक्रेत्याने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. प्रत्यक्षात आत्याच्या डब्यातली अर्धी गोळी भाच्याला मिळते, हे आपल्या घरांतले उघड गुपित आहे. मार लागलेल्या मेंदूला या गोळ्या जड जातात. स्मरण आणि लक्ष आधीच डळमळीत असते, ते आणखी ढासळते. रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन दुसऱ्यांदा डोके आपटू शकते. झोपेत श्वास अडकत असेल तर धोका वाढतो. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर त्या जरूर घ्याव्यात, पण त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. आणि चालू असलेल्या गोळ्या मनाने एकदम बंदही करू नयेत, त्यातून वेगळेच संकट ओढवते.

मग उपाय काय? निद्रानाशावर सर्वांत टिकाऊ ठरलेला उपाय गोळीचा नाही, सवयी आणि विचार बदलण्याच्या ठरावीक उपचाराचा आहे. त्याला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात. त्यात उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, अर्धा तास झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे, पलंगावर मोबाइल-टीव्ही नाही, ‘आज झोप नाही आली तर उद्या संपलोच’ या विचाराला उत्तर द्यायला शिकायचे, असे सहा-आठ आठवडे चालते. क्वेबेकच्याच संशोधकांनी मेंदूला मार लागलेल्या ११ जणांवर तो करून पाहिला, ८ जणांना स्पष्ट फरक पडला. संख्या लहान आहे, पण दिशा कळते. मेलबर्नमध्ये ३३ रुग्णांना चार आठवडे सावकाश विरघळणारे २ मिलिग्रॅम मेलॅटोनिन आणि चार आठवडे नुसती साखरेसारखी गोळी देऊन तुलना केली, तेव्हा मेलॅटोनिनने झोपेचा दर्जा सुधारला. झोप लवकर लागली असे मात्र नाही. तिथेच दुसऱ्या एका चाचणीत रोज सकाळी पाऊण तास निळसर प्रकाशासमोर बसल्याने दिवसाची मरगळ आणि पेंग कमी झाली. तो दिवा आपल्याकडे कुठे शोधायचा? पण सकाळचे ऊन इंदुरात फुकट आहे, आणि रुग्णाला पडदे ओढलेल्या खोलीत ठेवण्याची आपली पद्धत सुटायला हरकत नाही. घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे घरच्यांनी पाहिले असेल तर झोपेची चाचणी करून घ्यावी. अतिनिद्रा असलेल्याने दुपारी ठरलेल्या वेळी अर्धा तास झोप घेतली तर लाजू नये. निद्रानाश असलेल्याने मात्र दुपारी झोपू नये. एकाला जो सल्ला औषध आहे तोच दुसऱ्याला अपायकारक, म्हणूनच आधी निदान हवे.

एक गोष्ट कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीत नसते, पण समाज म्हणून आपल्याच हातात आहे. अपघात झाला की आपण भेटायला जातो. चांगली चाल आहे. पण दुपारी तीन ते रात्री नऊ माणसांची रीघ, प्रत्येकाला अपघाताची कथा पहिल्यापासून, प्रत्येकाबरोबर चहा, शिवाय हॉलमध्ये टीव्ही, यात रुग्णाचा मेंदू शिणून जातो आणि रात्री शांत होत नाही. पहिले दोन महिने भेटायला एक ठरलेला तास असावा, बाकीच्यांनी घरातल्या बाईसाठी डबा पाठवावा, त्याचा उपयोग अधिक. गणेशोत्सवातल्या ढोलाबद्दल आम्ही लिहिले तर आमच्याच कार्यकर्त्यांचा रोष ओढवेल, तरीही ज्या गल्लीत असा रुग्ण आहे तिथे दहानंतर आवाज बंद करणे हे मंडपातल्या मंडळींना कुणी समजावून सांगितले तर ते ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

हे सारे तरुण दुचाकीस्वारांबद्दलच आहे असे समजू नये. भारतात मेंदूच्या इजांचे पहिले कारण रस्ते, साधारण साठ टक्के. दुसरे कारण पडणे. आपल्या समाजात मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशात आणि सत्तरीतले आईवडील इथल्या जुन्या घरात दोघेच, हे चित्र आता घरोघर आहे. ओल्या मोरीत पाय घसरतो, डोके नळाला लागते, थोडे टेंगूळ येते, मुलांना काळजी नको म्हणून कुणाला सांगितले जात नाही. दोन-तीन आठवड्यांनी आजोबा फार झोपू लागतात. ‘वय झाले’ असे म्हणून सोडून दिले जाते. डोक्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनी झोप वाढत जाणे, बोलण्यात गोंधळ, डोकेदुखी किंवा एका बाजूची ताकद कमी होणे, हे मेंदूवर हळूहळू रक्त साचल्याचे लक्षण असू शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. हा झोपेचा आजार नव्हे, ही तातडीने स्कॅन करण्याची गोष्ट आहे, आणि वेळेत कळले तर लहानशा शस्त्रक्रियेने माणूस खडखडीत बरा होतो. तसेच अपघाताच्या पहिल्या एक-दोन दिवसांत माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, वारंवार उलटी होत असेल, फीट आली, तर सकाळची वाट पाहू नये. एरवी डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर ‘डोक्याला लागलेय, रात्रभर झोपू देऊ नका’ हा जुना सल्ला पाळण्याची गरज नाही. झोप त्याला हवीच आहे.

शेवटचा प्रश्न गाडीचा. घरातला कमावता माणूस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा किल्ली मागतो. वाहन परवान्याच्या अर्जात फीट, अचानक शुद्ध हरपणे, चक्कर यांबद्दल विचारतात आणि इतर काही आजार आहे का असा एक मोघम प्रश्न असतो. दिवसा डोळा लागतो का, हे कुणी विचारत नाही, आणि परवाना आधीच खिशात असलेल्याला तर कुणीच काही विचारत नाही. तेव्हा हे घरालाच ठरवावे लागते. जो माणूस दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या पेंगतो त्याला बायपासवर गाडी देऊ नये, मग हेल्मेट डोक्यावर असो वा नसो. त्याने ‘मला काही होत नाही’ म्हटले तरी नाही, कारण झुरिचच्या प्रयोगशाळेतले रुग्णही तेच म्हणत होते.

मंडळाच्या ग्रंथालयात झोपेच्या नोंदीचा मराठी तक्ता छापून ठेवला आहे. एका पानावर दोन आठवडे: किती वाजता आडवे झाले, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठले, दिवसा किती वेळ डोळा लागला, कोणती गोळी घेतली. रुग्णाचा एक रकाना आणि घरच्यांचा एक रकाना वेगळा आहे. दोघांनी एकमेकांचे न पाहता भरायचा आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवायचे. एक प्रत वकिलांच्या फाइलला लावावी.